हातचे पंचेचाळीस

आमच्या कारखान्यात उणे हे चिन्ह कोणी काढत नाही. तशी बंदी नाही, कुठे पाटीही लावलेली नाही. पण रसायनांच्या शीतकोठीबाहेरच्या तक्त्यावर तापमान ‘अठरा (थंड)’ असं लिहिलेलं असतं, आणि नव्याने लागलेल्या माणसाने त्यावर शंका काढली तर जुने लोक त्याला बाजूला घेऊन समजावतात, “इथं थंड चालतं बाबा. उणं चालत नाही.”

याचं मूळ मोठेसाहेबांत आहे. मोठेसाहेब मुख्य कचेरीतून दर तिमाहीला येतात. त्यांची सगळी हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली आणि एवढ्या वर्षांत ते दोनच गोष्टी शिकले. अधिक म्हणजे आपलं, आणि उणे म्हणजे कुणीतरी खाल्लं. गेल्या वर्षी त्यांच्या हाती गोंदाच्या टाकीच्या मीटरचा कॅलिब्रेशनचा कागद लागला. पहिल्याच ओळीत उणे २७९०. त्यांनी त्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि तेव्हाच्या कारखानाप्रमुखांना विचारलं, “एवढी तूट?”

ते प्रमुख खरं बोलणारे होते, त्याला कोण काय करणार. त्यांनी फळा मागवला, टाकी काढली, नळ्या काढल्या, तेलाचं वजन काढलं. जितकं समजावत गेले तितका मोठेसाहेबांचा चेहरा घट्ट होत गेला. शेवटी ते म्हणाले, “ज्याला समजवायला एवढा वेळ लागतो, त्यात काहीतरी असतं.” पुढच्या तिमाहीला ते प्रमुख रिकाम्या पिंपांच्या गुदामावर देखरेखीला गेले. अजून तिथेच आहेत. म्हणतात, प्रकृती सुधारली आहे.

त्यांची खुर्ची रिकामी झाली आणि माझ्या भावोजींची झोप उडाली.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि कारखान्यात मीटर विभागाचे साहेब. मी तिथेच कंट्रोल रूममध्ये पॅनलवर बसते. कुठल्या टाकीत किती माल आहे ते पडद्यावर बघायचं, पंप चालू करायचा, बंद करायचा, हे माझं काम. घरी ते मला ‘मेव्हणीबाई’ म्हणतात आणि वाढायला लावतात. कारखान्यात मी त्यांना ‘सर’ म्हणते आणि ते मला ‘पॅनल’ म्हणतात. “पॅनल, लेव्हल किती?” नातं फाटकावर ठेवून आत यायचं, असा त्यांचा नियम आहे, परत जाताना ते उचलायला मात्र कधी विसरत नाहीत, कारण जेवण ताईच्या हातचं असतं.

आता त्या उण्याचं एकदा सांगून टाकते. गोंद दाट असतो. साध्या मीटरच्या नळ्या त्याने दोन दिवसांत तुंबतात. म्हणून टाकीला दोन तबकड्या लावतात, एक तळाशी आणि एक वर. त्यांना सील म्हणतात. प्रत्येक सीलवर धातूचा पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या मागून तेलाने भरलेली बारीक नळी मीटरपर्यंत जाते. गोंद पापुद्र्याला ढकलतो, पापुद्रा तेलाला, तेल मीटरला. खालचा धक्का वरच्यापेक्षा किती जास्त, त्यावरून माल किती ते कळतं. गंमत एवढीच, की वरच्या सीलपासून खाली मीटरपर्यंत जे तेल उभं असतं त्याला स्वतःचं वजन आहे. टाकी रिकामी असो की भरलेली, ते उलट्या पारड्यात बसलेलंच असतं. त्यामुळे रिकाम्या टाकीचं माप शून्यापासून सुरू होत नाही, बरंच खालून सुरू होतं. भरत गेली की वर येतं. कुणी काही खाल्लेलं नसतं. उंचीचं वजन आहे ते.

भावोजींना हे ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. कारखान्यात येण्याआधी ते तंत्रशाळेत हेच शिकवत. ‘उण्यापासून सुरू होणारी रेंज काढा’ हा त्यांचा लाडका प्रश्न होता आणि त्यावर त्यांनी निम्मे वर्ग नापास केले होते. न कळणाऱ्याला एकवेळ सोडून देता येतं. भावोजींच्या बाबतीत ती सोय नाही.

तर झालं असं, की खालच्या सीलच्या पापुद्र्याला कुणीतरी स्क्रूड्रायव्हरने गोंद खरवडताना ओरखडा पाडला आणि नवा संच आला. सीलमागे व्हॉल्व्ह असतात, ते बंद केले की टाकीत माल असला तरी मीटर उतरवता येतं. जुनं उतरवलं. नवं वर्कशॉपच्या टेबलावर आलं. मोठेसाहेबांचा दौरा पुढच्याच आठवड्यात होता आणि सगळ्यांना माहीत होतं, की या खेपेला ते प्रमुख नेमून जाणार.

मी कसल्याशा सहीसाठी वर्कशॉपमध्ये उभी होते. मीटरवाल्याने दोन्ही सील टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. मीटरवाला आमचा कॅलिब्रेशन करणारा. हात चांगला, पाठीचा कणा भाड्याने दिलेला.

“साहेब, रेंज काय टाकू? नेहमीचीच?”

“नेहमीची म्हणजे?” भावोजी म्हणाले.

“म्हणजे... ती.” मीटरवाल्याने तर्जनी हवेत आडवी ओढली. तोंडाने बोलायची सोय नव्हतीच.

भावोजींनी दाराकडे बघितलं, जसं काही मोठेसाहेब दाराआडच उभे आहेत. “आत्ता काय दाखवतंय?”

“आत्ता शून्य. दोन्ही एकाच उंचीवर आहेत ना. टाकीवर चढवल्यावर मात्र...”

“टाकीचं टाकीवर बघू. कागदावर शून्य ते तीन हजार एकशे पन्नास.”

“पण टाकीवर ते चालायचं नाही, साहेब.”

“दौऱ्यात कागद बघतात की टाकी?”

मीटरवाल्याने थोडा विचार केला. “सही कोण करणार?”

“मी.”

“मग शून्य तर शून्य,” असं म्हणून तो कामाला लागला. कागद फार देखणा झाला. शून्य, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. प्रत्येक आकडा जागच्या जागी, चूक कुठेच नाही. टेबलावर ठेवलेल्या मीटरचं इतकं बिनचूक कॅलिब्रेशन मी आजवर पाहिलेलं नाही. टेबलाला टाकी जोडली असती तर काहीच अडलं नसतं.

दुपारी मीटर टाकीवर चढलं, व्हॉल्व्ह उघडले आणि माझ्या पडद्यावर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या.

वॉकीटॉकीवर भावोजी. “पॅनल, लेव्हल किती?”

“रेघा, सर.”

“रेघा म्हणजे?”

“म्हणजे शून्याच्याही खाली. मीटर तळाला जाऊन बसलंय.”

“शून्याच्या खाली काही नसतं,” ते म्हणाले. ज्यांनी त्याच प्रश्नावर पोरं नापास केली, तेच.

यावर एक उपाय असतो आणि तो वाईट नाही. मीटरला बटण असतं. रिकाम्या टाकीवर ते दाबलं, म्हणजे झिरो मारला, की मीटर त्या घटकेचा दाब शून्य धरून चालतं. उणं आतल्या आत गिळलं जातं, पडद्यावर काही येत नाही. अट एकच. टाकी रिकामी पाहिजे.

टाकी रिकामी नव्हती. जुनं मीटर उतरवलं तेव्हा माझ्या पडद्यावर पंचेचाळीस टक्के होते आणि त्यानंतर मी पंपाला हात लावला नव्हता. टाकीच्या अंगाला एक काचेची नळी आहे, आतला माल बघायला म्हणून. ती इतकी वर्षं आतून गोंदाने पांढरी झाली आहे, की लोक तिला टाकीचं नाक म्हणतात. वर चढून टोपण उघडून बघणं हा तिसरा मार्ग. भावोजींनी नवे बूट घातले होते.

त्यांनी फोरमनला विचारलं. फोरमनला कारखान्यात होयबा म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते त्याला माहीत आहे, आणि ठेवणाऱ्याने विचारलं तेव्हा तो ‘छान आहे’ म्हणाला होता.

“टाकी रिकामी आहे ना?” भावोजी म्हणाले.

या ‘ना’ला आमच्याकडे एकच उत्तर असतं.

“रिकामीच, साहेब!”

मी मध्ये बोलले. “सर, पंचेचाळीस टक्के होता माल. मी काढलेला नाही.”

“तळाला थोडं राहतं, ताई,” होयबा म्हणाला, “भांड्याला लागतं तसं.”

“निम्मं पातेलं लागलंय?”

“पॅनलने पॅनल बघावं,” भावोजी म्हणाले. आणि झिरो मारला.

पडद्यावर शून्य आलं. गोल, स्वच्छ, निरागस. पंचेचाळीस टक्के गोंद टाकीत बसल्या जागी बेपत्ता झाला.

*

त्या दिवसापासून आमच्या शिफ्टमध्ये हातचे पंचेचाळीस धरायची पद्धत पडली. शाळेत बेरीज करताना हातचा एक धरतात ना, तसंच. पडद्यावर दहा दिसले की पंचावन्न समजायचे, तीस दिसले की पंचाहत्तर, आणि पंचावन्न दिसले की पंप बंद, कारण टाकी भरली. शिफ्ट बदलताना आम्ही किल्ल्या देतो, वॉकीटॉकी देतो आणि म्हणतो, “हातचे पंचेचाळीस.” समोरचा म्हणतो, “हातचे पंचेचाळीस.” एकदा एकजण हातचे विसरला आणि पडद्यावर साठ होऊ दिले. गोंद टोपणातून बाहेर आला, पायऱ्यांवरून निवांत खाली उतरला. धुतल्या, पण अजून त्या पायऱ्या चढताना बूट मागे राहतात आणि माणूस पुढे जातो.

भावोजींना याची खबर होती. मी स्वतः सांगितलं होतं, तेही घरी, मेव्हणी म्हणून, कारण कारखान्यात पॅनलने पॅनल बघायचं असतं.

“जमतंय ना तुमचं?” ते ताटावरून मान वर न करता म्हणाले. “मग झालं. दौरा होऊ दे. नंतर नीट करू.”

“नीट करायला काय लागतं? टेबलाची रेंज काढून खरी टाकायची. चहा निवायच्या आत होईल.”

“आणि कागदावर ते येईल.” त्यांनी चमच्याने हवेत आडवी रेघ ओढली.

ताई आतून पडदे घेऊन आली. हे पडदे प्रमुखांच्या बंगल्याचे. बंगला अजून मिळाला नव्हता, खुर्ची मिळाली नव्हती, मोठेसाहेब आलेही नव्हते. पण बाजारात तुरी म्हणतात तशी ताई जुन्या प्रमुखांच्या बायकोला निरोप द्यायला म्हणून दोनदा गेली होती आणि चहा पिता पिता खिडक्या वितीने मोजून आली होती. कापड आणलं, शिवलं, घडी घालून कपाटात ठेवलं.

“तू काही बोलू नकोस हं मोठेसाहेबांसमोर,” ती मला म्हणाली. “चार दिवस दम धर. मला या घरात उभ्याने कपडे वाळत घालता येत नाहीत. वाकून घालावे लागतात. अठरा वर्षं वाकतेय.”

“मी कशाला बोलू? मी पॅनल आहे.”

“तसं नाही गं. तुझा चेहरा बोलतो.”

त्यात खोटं काही नव्हतं. पण ताईच्या कमरेसाठी मी चेहरा आवरायचा ठरवला. बंगल्याला मागे मोठी गच्ची आहे, तारा उंच बांधलेल्या.

*

मोठेसाहेब आले. बरोबर फक्त एक पेन. लाल.

दौऱ्यासाठी टाकी काठोकाठ भरून ठेवायची असा भावोजींचा हुकूम होता. अहवालात लिहिलं होतं, ‘गोंद: टाकी पूर्ण भरलेली.’ ते खरं होतं. त्या अहवालात तेवढंच एक वाक्य खरं होतं, आणि तेच नडलं.

आधी कागद झाले. मोठेसाहेबांनी कॅलिब्रेशनचा कागद वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. “छान,” ते म्हणाले. भावोजींची मान एवढी ताठ झाली, की मला वाटलं आता पडद्यांना रिंगा लावायला सांगायला हरकत नाही.

मग मोठेसाहेब कंट्रोल रूममध्ये आले, जे ते कधी करत नाहीत. मीटर एवढं छान आहे तर बघून तरी जाऊ, म्हणाले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

माझ्या पडद्यासमोर उभे राहिले. “ही गोंदाची टाकी?”

“हो, सर.”

“पंचावन्न?”

मी चेहरा आवरला.

“अहवालात तर पूर्ण भरलेली आहे.” त्यांनी भावोजींकडे पाहिलं, मग होयबाकडे. “टाकी भरलेली आहे ना?”

“भरलेलीच, साहेब,” होयबा म्हणाला.

“पण इथे पंचावन्न आहे. म्हणजे भरलेली नाही ना?”

“नाहीच, साहेब.”

होयबाचं काम झालं. तो एक पाऊल मागे सरकला. मोठेसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. शंभरातून पंचावन्न वजा करायला त्यांना वेळ लागला नाही. वजाबाकी हा त्यांचा आवडता प्रकार.

“पंचेचाळीस टक्के माल कुठे गेला?”

भावोजींच्या तोंडात खरं उत्तर होतं, मला दिसत होतं. साहेब, माल टाकीतच आहे, मीटरचा झिरो मी चुकीचा मारला. पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता, चुकीचा का मारला, आणि त्याच्या उत्तरात ती आडवी रेघ बसली होती.

मला दया यायला हवी होती. आली नाही. मी पंपाच्या बटणावर बोट ठेवलं आणि अदबीने विचारलं, “सर, पंचेचाळीस टक्के जागा आहे. भरू का?”

“भरा ना,” मोठेसाहेब म्हणाले. “रिकामी कशाला ठेवायची?”

टाकी काठापर्यंत होती. एक बटण, आणि गोंद टोपण उचलून पायऱ्यांनी खाली येणार, आणि खाली मोठेसाहेबांची गाडी सावलीला लावलेली. भावोजींनी माझ्या बोटाकडे पाहिलं. मी भरणार नव्हते, हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

“नको!” ते ओरडले. मग आवाज उतरवून म्हणाले, “नको, पॅनल. आधी... आधी गेलेला माल शोधतो, साहेब.”

मी मोठेसाहेबांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जे कुणीतरी पहिल्यांदा आपली भाषा बोललं की उमटतं. आयुष्यभर त्यांनी तूट दाखवली आणि लोकांनी त्यांना समजावलं. बाष्प झालं, सांडलं, वजनकाटा बिघडला. ‘शोधतो’ असं कुणी म्हणालं नव्हतं.

“शोधा,” ते म्हणाले. “मी उद्या सकाळपर्यंत आहे.”

*

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. काखेत कळसा आणि कळशाला भावोजींनीच झाकण लावलेलं. जेवणाच्या सुट्टीत ते आणि मीटरवाला टाकीपाशी गेले. मीटरवाल्याने टेबलाची रेंज काढली, खरी टाकली. माझ्या पडद्यावरचा आकडा पंचावन्नवरून उडाला आणि शंभराला जाऊन बसला.

“पॅनल, लेव्हल किती?”

“शंभर, सर. सापडला.”

मग, “हातचे सोडून?”

“हातचे सोडून.”

नव्या कागदाचं काय, हा प्रश्न होताच. मीटरवाल्याने शीतकोठीचा तक्ता आठवून तोडगा काढला. सुरुवातीच्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘२७९० (खाली)’. भावोजींनी सही केली. मी म्हटलं, “हे त्याच दिवशी सुचलं असतं तर?”

भावोजी खिशाला पेन लावत म्हणाले, “त्या दिवशी सापडायला काही नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कंट्रोल रूममध्ये जमले. मोठेसाहेबांनी पडदा पाहिला. शंभर. चष्मा काढून पुसला, परत पाहिला. शंभरच.

“सापडला?”

“सापडला, साहेब.”

“सगळा?”

“थेंबन् थेंब.”

“कुठे होता?”

“टाकीतच, साहेब,” भावोजी म्हणाले. खरं बोलायला त्यांना याहून सोपी जागा पुन्हा मिळाली नसती.

मोठेसाहेबांनी मान डोलावली. “माझंही तेच मत होतं. माल बाहेर जात नाही, आतच दडवतात. लक्ष ठेवणारा माणूस लागतो.”

होयबा पुढे आला. “आम्ही गटारंसुद्धा बघितली, साहेब, साहेबांच्या सांगण्यावरून.” कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघितली नव्हती. पण भावोजींनी त्याला अडवलं नाही, आणि मोठेसाहेबांनी त्याच्याही खांद्यावर हात ठेवला.

निघण्याआधी त्यांनी भावोजींना प्रमुख केलं. पंचेचाळीस टक्के माल एका दिवसात परत आणणारा माणूस त्यांनी त्यांच्या सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता. यावर मात्र माझा विश्वास आहे.

*

बंगला मिळाला. ताई आता उभ्याने कपडे वाळत घालते. पडदे लावले तेव्हा ते वीतभर आखूड निघाले, कारण बसून मोजलं की खिडकीचा खालचा भाग टेबलाआड जातो. ताई म्हणाली, “हवा येते खालून, बरंच झालं.” माणूस सुखात असला की आखूडही त्याला हवेशीर वाटतं. मी त्या दिवशी तिला चिडवलं नाही. हिशेबात एवढं माझ्या खात्यावर जमा धरावं.

शिफ्टमध्ये हातचे धरायची सवय सुटायला वेळ लागला. पडदा खरं बोलू लागला होता आणि आम्ही त्यावर पंचेचाळीस वाढवत होतो. दोन वेळा पंप वेळेआधी बंद झाला आणि पिंपं भरणाऱ्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. पण सुटली.

मग तिमाही संपत आली आणि मुख्य कचेरीतून फोन आला. मोठेसाहेब स्वतः. भावोजी नव्या केबिनमध्ये उभे राहून बोलत होते, मी कागद घेऊन दारात.

“हो साहेब... आहे साहेब, लक्ष आहे... या वेळी?... किती म्हणजे?...” आणि मग बराच वेळ नुसतं ऐकणं. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जसा मीटर तळाला जाऊन बसलं की पडदा होतो.

मला सांगितलं नाही. घरी सांगितलं, ताटावर, कारण घरी मी मेव्हणी असते.

“ते म्हणतात, मागच्या तिमाहीत पंचेचाळीस टक्के सापडला, तो नफ्यात धरलाय. वरच्यांना सांगून झालंय. या तिमाहीत किती सापडेल, म्हणून विचारत होते.”

ताईचा वाढता हात थांबला. “मग? तुम्ही काय म्हणालात?”

“बघतो म्हणालो.”

“सांगून टाका ना, की काही हरवलंच नव्हतं.”

“मग मागच्या वेळी काय शोधलं?” भावोजी म्हणाले. “समजवायला बसू? तास लागेल.” आणि त्यांनी न बघता खिडकीकडे मान वळवली. रिकाम्या पिंपांचं गुदाम तिथून दिसत नाही, पण दिशा तीच.

पडद्याखालच्या वीतभर फटीतून गच्चीवरच्या तारा दिसत होत्या. ताईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. “तू काहीतरी सांग गं. तुला असलं बरोबर सुचतं.”

“त्यात काय,” मी म्हटलं. “सापडायला आधी हरवावं लागतं. भरल्या टाकीवर झिरो मारा. सगळी टाकी हरवेल. दौऱ्याच्या आदल्या दिवशी शोधा. पंचेचाळीसच कशाला, या वेळी शंभर सापडेल.”

मी टोमणा मारला होता. टोमणा मारल्यावर समोरचा एकतर हसतो किंवा चिडतो. मी दोन्हीची तयारी ठेवून घास घेतला. ताई हसली. भावोजी हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी चमचा ताटाच्या कडेला ठेवला, हात पुसला आणि पहिल्यांदाच घरात, ताईच्या समोर, मला त्या आवाजात विचारलं,

“पॅनल, टाकीत आत्ता किती आहे?”